मजकूर आणि माइंड मॅप एकत्र देणारे टिपणांचे ॲप निवडताना या चुका टाळा

असे ॲप पाहताना बहुतेक जण मध्यभागी एक शब्द लिहितात, त्याला चार-पाच रंगीत फांद्या जोडतात आणि आकृती देखणी दिसली की निवड करून मोकळे होतात. ही पहिली चूक होय. चाचणी आपल्या खऱ्या टिपणांवरच घ्यावी. उदाहरणार्थ, राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने पंचायत राज हा विषय घ्यावा: १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, आणि प्रत्येक फांदीखाली निदान दोन परिच्छेदांचा मजकूर. एवढे भरल्यावरच ॲपचे खरे स्वरूप दिसू लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नकाशा (फांद्यांची आकृती, म्हणजेच माइंड मॅप) आणि मजकूर ही एकाच माहितीची दोन रूपे आहेत की दोन वेगळ्या वस्तू, हे न तपासणे. मार्कमॅपसारखे साधन मार्कडाउनमधील (साध्या मजकुरात चिन्हे घालून रचना दाखवण्याच्या पद्धतीतील) शीर्षके आणि याद्या वाचून त्यांतूनच फांद्या काढते. त्यामुळे मजकुरात शीर्षक बदलले की नकाशाही बदलतो. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमधील कॅनव्हासची, म्हणजे कार्डे मांडण्याच्या मोकळ्या फलकाची, रचना निराळी आहे. तेथे थेट लिहिलेल्या कार्डातील मजकूर कॅनव्हासच्या स्वतंत्र फाइलीत राहतो आणि त्याचे टिपण हवे असल्यास ते कार्ड मुद्दाम फाइलीत रूपांतरित करावे लागते. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत. परंतु दुसरीला पहिली समजून महिनाभर काम केले, तर तोच मजकूर दोन ठिकाणी वेगवेगळा होऊन बसतो आणि कोणता ताजा हे कळेनासे होते. म्हणून एक शीर्षक मजकुरात बदलून नकाशा पाहावा, आणि मग नकाशात बदलून मजकूर पाहावा.

माहिती बाहेर काढता येते, एवढ्या आश्वासनावर विसंबू नये. ती बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये उघडूनच पाहावी. मार्कडाउनमध्ये शीर्षकांच्या सहाच पातळ्या असतात, त्यामुळे सातव्या पातळीची फांदी यादीत जाते किंवा सपाट होते. ओपीएमएल या रूपरेषा साठवण्याच्या स्वरूपातील फाइलीत फांद्यांची उतरंड नीट टिकते, मात्र फांदीला जोडलेले सविस्तर टिपण सर्वच ॲप वाचत नाहीत. आयात केल्यावर फांद्या आल्या आणि परिच्छेद गायब झाले, तर घाबरून मूळ फाइल पुसू नये. ती साध्या मजकूर-संपादकात उघडावी आणि हरवलेल्या परिच्छेदातील एखादा शब्द शोधावा. तो सापडला, तर माहिती शाबूत असून आयात करणारे ॲप ती वाचत नाही, एवढाच अर्थ होतो. फ्रीमाइंड या माइंड मॅपच्या ॲपची फाइल अशी उघडली, तर तीत मराठी अक्षरांच्या जागी &# या चिन्हांनी सुरू होणारे संकेतांक दिसतात. तो बिघाड नव्हे. फ्रीमाइंडमध्ये किंवा त्याच्यासारख्या फ्रीप्लेन ॲपमध्ये तीच फाइल उघडली की अक्षरे पूर्ववत दिसतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी, कारण परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. ‘अधिकाऱ्यांचे’, ‘जबाबदाऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फोनच्या कीबोर्डवर एका प्रकारे आणि संगणकावर दुसऱ्या प्रकारे टंकलेला शब्द शोधपेटीला वेगळा वाटतो आणि समोर असलेले टिपण ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. दोन्ही यंत्रांवर तोच शब्द लिहून एकावरून दुसऱ्याचा शोध घ्यावा. शोध फसला आणि टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत असली, तर संपादकातील शोधा-व-बदला सुविधेने संपूर्ण फोल्डर एका बैठकीत दुरुस्त करता येते. माहिती फक्त त्याच ॲपला वाचता येणाऱ्या बंदिस्त स्वरूपात असेल, तर मात्र एकेक फांदी उघडावी लागते, आणि शेकडो फांद्यांच्या नकाशात ते कोणी करत नाही.

पीडीएफला राखीव प्रत मानणे हीदेखील चूकच. पीडीएफमधून देवनागरी मजकूर नकलून घेताना वेलांट्या आणि जोडाक्षरे बऱ्याचदा जागा सोडतात, आणि फांद्यांची रचना तर उरतच नाही. भिंतीवर लावण्यासाठी पीडीएफ जरूर छापावी; राखीव प्रत म्हणून मूळ फाइल आणि तिच्यासोबत मार्कडाउनची किंवा ओपीएमएलची एक प्रत ठेवावी.