फिट येणाऱ्या मुलांचा एमआरआय: या चुका टाळा

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक मशीनवर होतच नाही, ती एमआरआयला पाठवणाऱ्या डॉक्टरच्या फॉर्मवर होते. "सीझर्स (म्हणजे फिट्स), एमआरआय ब्रेन." बास! फिट कुठल्या बाजूला सुरू होते, ईईजीत (मेंदूच्या विजेच्या आलेखात) काय, कशाचाच पत्ता नाही. मग टेक्निशियन पाच मिलिमीटरच्या स्लाइसचं रोजचं रुटीन लावतो आणि रिपोर्ट जातो, "नॉर्मल". असाच एक शाळकरी मुलगा आलेला, फाइलला बाहेरचे नॉर्मल रिपोर्ट, औषधांवर औषधं चालू आणि झोपेतल्या फिट्स काही थांबेनात. आईला विचारलं नेमकं काय होतं, तर म्हणाली, "आधी डावा हात ताठ होतो हो, मग बाकीचं." डावा हात मेंदूची उजवी बाजू चालवते, म्हणजे शोधायचं उजव्या फ्रंटलमध्ये, मेंदूच्या पुढच्या भागात. १ मिलिमीटरचं थ्रीडी फ्लेअर (एमआरआयचाच एक प्रकार, यात बिघडलेला भाग पांढरा दिसतो) घेतलं तर एका सल्कसच्या, म्हणजे मेंदूच्या घडीच्या, तळाशी पांढरट डाग, तिथून व्हेंट्रिकलकडे, म्हणजे आतल्या पाण्याच्या पोकळीकडे, निमुळता होत गेलेला. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे मेंदूच्या सालीचा जन्मतःच नीट न घडलेला तुकडा. जुन्या फिल्मवरही तिथे पुसट काहीतरी होतंच, पण कोणी बघितलं तर ना.

"पण मशीन थ्री टेस्ला (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) होतं" हे मला सांगू नका. फिट्सच्या एमआरआयसाठीचा २०१९ चा हार्नेस प्रोटोकॉल आमच्यात सगळ्यांना माहितीये, त्यात तीन प्रकारचे फोटो, थ्रीडी टी-वन, थ्रीडी फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसला (मेंदूतल्या स्मरणशक्तीच्या भागाला) काटकोनात उभे काप घेणारा कोरोनल टी-टू, फक्त दहा मिनिटं जास्त जातात म्हणून कोणी लावत नाही. मी तर आधी पालकांच्या मोबाइलवरचा फिटचा व्हिडिओ बघतो, मगच कन्सोलवर बसतो.

दुसरी चूक, स्कॅनवर मेंदूत गोल कड्यासारखी रिंग दिसली की टीबीची औषधं. अरे थांबा की जरा! रिंग २० मिलिमीटरपेक्षा लहान आणि आत ठिपका असेल तर आधी न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टेपवर्मच्या अळीची मेंदूतली गाठ, धरा. "आम्ही शुद्ध शाकाहारी" याला काही अर्थ नाही, टेपवर्मची अंडी न धुतलेल्या भाजीतून, हातांवरूनही पोटात जातात. आणि जुनी, कॅल्शियम झालेली गाठ साध्या एमआरआयवर निसटते, तिथे सीटी किंवा एसडब्ल्यूआय (कॅल्शियम दाखवणारा एमआरआयचा प्रकार) बघा.

बाकीचं पटापट. साध्या तापातल्या झटक्याला एमआरआय लागत नाही. आठ महिन्यांच्या बाळाचा नॉर्मल स्कॅन शेवटचा धरू नका, मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) अजून तयार होतंय, फिट्स चालूच राहिल्या तर दोन वर्षांनंतर परत करा. मागच्या बाजूला, पॅरायटो-ऑक्सिपिटलमध्ये दोन्हीकडे व्रण दिसले तर जन्मानंतर शुगर उतरली होती का ते विचारा. व्हिगाबॅट्रिन (फिटचं औषध) चालू असलेल्या बाळाचे दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या आतले गोळे) चमकले की लगेच मेटाबॉलिक आजार लिहून मोकळे होऊ नका, तो त्या औषधाचाच परिणाम असू शकतो. आणि अ‍ॅब्सेन्सच्या (क्षणभर हरवल्यासारख्या होणाऱ्या फिट्सच्या) मुलीच्या रिपोर्टात छोटी पिनियल सिस्ट, म्हणजे फिटशी संबंध नसलेली मेंदूतली छोटी पाण्याची पिशवी, ठळक अक्षरात कशाला लिहिता, आईबाप तो कागद घेऊन न्यूरोसर्जनच्या दारात बसतात!