विनोदी पोलिसपटाचं परीक्षण लिहायचं असेल तर

असा सिनेमा दोनदा पाहावा लागतो. एकदा शुक्रवारी संध्याकाळी भरल्या थिएटरात आणि एकदा मंगळवार-बुधवारी दुपारी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना. पहिल्या खेळाला वही काढू नका, नुसतं ऐका: शिट्टी कुठे पडली, हसू कुठे फुटलं, कुठे लोकांनी मोबाइल काढले. शुक्रवारी ज्या विनोदावर थिएटर डोक्यावर घेतलं गेलं, तो बुधवारीही हसवत असेल तर श्रेय लेखकाचं. नाहीतर ते नायकाच्या गॉगलचं.

दुसऱ्या खेळाला छोटी वही आणि पेन्सिल. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी आणि वर्ग (सिनेमा कोणत्या वयासाठी) असतो, तो आधी टिपा. तिथपासून घड्याळ लावा. पानावर उभी रेघ मारून डावीकडे मिनिटं, उजवीकडे दोन-तीन शब्द. अंधारात याहून जास्त लिहिलेलं घरी गेल्यावर वाचता येत नाही.

मारामारी पारखायची एक सोपी रीत आहे. दहा सेकंदांत दृश्य किती वेळा तुटतं ते मोजा. दहा-बाराच्या पुढे गेलं तर नट फारसं काही करत नाहीये, सगळं संकलकाच्या टेबलावर घडतंय. गंभीर सिनेमात ते खपतं, विनोदी मारामारीत नाही. ठोसा, मग क्षणभर शांतता, मग खाणाऱ्याचा चेहरा, या क्रमातच हसू असतं आणि त्यासाठी दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत एका चौकटीत दिसावी लागतात. वेगही तपासा. सेकंदाला २४ चौकटींऐवजी २०-२२ चौकटींनी चित्रण करून नेहमीच्या गतीने दाखवलं की हाणामारी चपळ वाटते. पण मागून चालणारी माणसं तुरुतुरु पळायला लागतात. नायकाकडे न बघता त्यांच्याकडे बघा. गाडी उलटताना टक्कर व्हायच्या आधीच एका बाजूची चाकं उचलली गेली, तर खाली तिरका पाइप ठेवलेला असतो. ही चूक नव्हे, धंद्याची रीत आहे. ती दिसली तर मात्र दिग्दर्शकाने कॅमेरा चुकीच्या जागी लावला.

सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून नववी गोळी सुटली तर टिपा, पण तेवढ्यावरून सिनेमा झोडपू नका. हुद्द्याची चूक जास्त महत्त्वाची. पीएसआय, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, त्याच्या खांद्यावर दोन तारे. एपीआय (सहायक पोलिस निरीक्षक) आणि पीआय (पोलिस निरीक्षक) यांना तीन, त्यांच्यात फरक खांद्यावरच्या फितीचा. त्यांच्या वरच्या डीवायएसपीलाही (पोलिस उपअधीक्षक) तीनच, पण फीत नाही. या विनोदातला अर्धा जीव ‘कोण कोणाला सॅल्यूट करतो’ यावर असतो. तारे चुकले की तो विनोदही लंगडा पडतो.

आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या परीक्षकाला एक मोह आवरावा लागतो. २०१० चा ‘दबंग’ उत्तर प्रदेशात घडतो, पण त्याचं बरंच चित्रण वाईत झालं. नदीचा घाट ओळखीचा दिसला की थिएटरात कुजबुज होते, ते स्वाभाविकच. परीक्षणात त्याला एक ओळ द्या. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ती जागा त्या गावाची वाटते का?

गाणी दोन ओळींत उरकली तरी चालतं.

आता खरी गोम. तमाशाच्या बतावणीत (विनोदी संवादात) आणि वगात (नाट्यात) सोंगाड्या, म्हणजे विनोदी नट, राजाची, पाटलाची, कोतवालाची खोड काढतो. तमाशाचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव यांचं रेठरे हरणाक्ष वाळवा तालुक्यातलं, त्यामुळे ही चव सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. पोलिसपटाचं आकर्षणही इथूनच येतं: वर्दीतलाच माणूस वरच्या साहेबाला, पुढाऱ्याला चिमटे काढतो. तोच विनोद लॉकअपमध्ये उतरून हात बांधलेल्या भुरट्या चोरावर आला की सोंगाड्याच कोतवाल होतो. म्हणून प्रत्येक मोठ्या हशाखाली लिहा: हसू कोणाच्या जिवावर? साहेबावर, पुढाऱ्यावर असेल तर ‘वर’, दुबळ्यावर असेल तर ‘खाली’ अशी खूण करा आणि शेवटी खुणा मोजा. मध्यंतरानंतर ‘खाली’ वाढल्या, तर सिनेमा कुठे घसरला ते तुमच्या वहीतच सापडेल.

कायद्याचं व्याख्यान नको, पण माहिती पक्की हवी. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर दंडाधिकारी चौकशी आणि स्वतंत्र तपास व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. विनोदी सिनेमाने हे सगळं दाखवावं असा हट्ट धरू नका. मात्र एन्काउंटरनंतर दुसऱ्याच मिनिटाला लग्नाची वरात नाचत असेल तर ती उडी नोंदवा आणि मिनिट लिहा. प्रमाणपत्र ‘यूए ७+’ (सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं) असेल तर पालकांसाठी हे वेगळ्या ओळीत द्या.

पाचशे शब्द पुरेत. कथा मध्यंतरापर्यंतच सांगा. एक मारामारी नीट उलगडा, एक विनोद का जमला ते सांगा, एक का फसला तेही. श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका: ॲक्शन दिग्दर्शकाचं नाव तिथून उतरवून घ्यायचं असतं, आणि निम्म्या परीक्षणांत ते नसतंच. मथळ्यात ‘धमाल’ आणि ‘धडाकेबाज’ हे दोन शब्द सोडून दुसरं काहीही चालेल.