बागेत गोल्फ खेळताय? या चुका टाळा

पहिल्या रविवारी आम्ही सांगलीच्या आमराईत गेलो ते जुना लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि खरा बॉल घेऊन. हातात विटी-दांडूचा टोला मुरलेला, तसाच हाणला. बॉल झाडाच्या बुंध्यावर आपटून माझ्याच कानाजवळून परत गेला. फिरायला आलेल्या एक काकू थांबल्या. "अवो, डोळा फोडताय काय कुणाचा?"

बरोबरच होतं त्यांचं. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, क्रिकेटच्या बॉलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका. पण टणक इतका की लागला तर दवाखानाच. बागेत बॉल उडवायचाच नाही, नुसता घरंगळवायचा. त्यासाठी चपट्या तोंडाचा क्लब मिळतो, पटर. टोल्याची हौस असेल तर भोकं असलेला प्लास्टिकचा बॉल घ्या आणि रिकामा कोपरा गाठा. मात्र तोच बॉल पटिंगला, म्हणजे पटरने घरंगळवायला, वापरू नका. गवताच्या काडीलाही अडखळतो. आम्ही पैसे वाचवायला तसं केलं आणि दोन आठवडे स्वतःच्या हातांना दोष देत बसलो.

दुसरी चूक गल खणण्याची. हिरवळ उकरलेली माळीदादांना खपत नाही, खपूही नये. स्टीलचा ग्लास आडवा ठेवा. गोल्फचं होल १०८ मिलिमीटर रुंद असतं, ग्लासाचं तोंड त्याहून लहान. ग्लासात जायला लागला की होलात जाईलच.

आता नेहमीची तक्रार: "बॉल सरळ जातच नाही." याचं उत्तर सकाळच्या दवात सापडतं. ओल्या गवतावरून बॉल गेला की मागे गडद रेघ उमटते. रेघ पहिल्या वितीपासूनच तिरकी असेल तर पटरचं तोंड तिरकं लागलंय. मनगटं ताठ ठेवा, खांद्यांतून झुलवा. सुरुवातीला सरळ जाऊन पुढे वळली असेल तर दोष तुमचा नाही, जमिनीला उतार आहे. बॉल अलीकडेच थांबतोय? दव आहे, जरा जोर लावा. ऊन वर आल्यावर तोच जोर ठेवलात तर बॉल ग्लास ओलांडून बाकाखाली जाईल. आणि मारताना मान वर करू नका. ग्लासाचा आवाज कानांनी ऐका. बॉल गेला की नाही हे पाहायची घाई सगळ्यांनाच होते, मला अजून होते.

पावसानंतर एक-दोन दिवस जाऊच नका. आपली काळी माती, टाच रुतली की खड्डा पडतो.

मधल्या सुट्टीत भडंग हवाच, पण डबा ग्लासापासून लांब उघडा. सांडलेल्या शेंगदाण्यांवर मुंग्या येतात, पाठोपाठ कुत्री. आमचा एक बॉल असाच गेला. शेपूट हलवत नेला त्याने, परत दिला नाही.