कॅसल एजमध्ये पोचलात, आता गावकरी काढायचे की नाइट?

एज ऑफ एम्पायर्स 2 या कॉम्प्युटर गेममध्ये मेंढ्या शोधणं, घरं वेळेत बांधणं, 500 अन्न साठवून फ्यूडलला, म्हणजे दुसऱ्या युगात, जाणं तुम्हाला येतं असं धरतो. फ्यूडलमध्ये तीन-चार स्काउट (हलके घोडेस्वार) पाठवून समोरच्याला सतवा, 800 अन्न आणि 200 सोनं झालं की वर, तिसऱ्या युगात म्हणजे कॅसल एजमध्ये चढा.

खरी गोची पुढच्या पाच मिनिटांत आहे. 'आधी इकॉनॉमी, मग आर्मी' हे ऐकून मी हॉस्टेलच्या लॅनवर तीन टाऊन सेंटर (कामकरी गावकरी काढायची इमारत) टाकून बसायचो. शेजारच्या खोलीतला पोरगा सहा नाइट (चिलखती घोडेस्वार) घेऊन माझ्या लाकूडतोड्यांवर यायचा. मी गावकऱ्यांना लपवायची घंटा वाजवायचो, सगळे आत, बाहेर काम शून्य. मग चिडून उलटं केलं: गावकरी बंद, तीन तबेले. दहा नाइट निघाले, सोनं आटलं आणि त्याच्या स्वस्तातल्या भालेवाल्यांनी ते दहाही खाल्ले.

म्हणून आधी हिशेब करा. नाइटला 60 अन्न, 75 सोनं आणि 30 सेकंद लागतात. दोन तबेले न थांबता चालले तर मिनिटाला 240 अन्न, 300 सोनं उडतं. टाऊन सेंटर दर 25 सेकंदांनी 50 अन्नाचा गावकरी काढतं, म्हणजे आणखी 120 अन्न. शेतावरचा माणूस मिनिटाला जेमतेम 20 अन्न आणतो. तेव्हा 18 शेतं आणि सोन्यावर 13-14 माणसं नसतील, तर तबेला एकच चालवा. उगाच मर्दुमकी नको.

आणि तबेल्यात पाच-पाच नाइटची रांग लावू नका! पैसे रांगेत टाकतानाच कापले जातात. पाच नाइट म्हणजे 300 अन्न, 375 सोनं अडकलं आणि तिकडे टाऊन सेंटर गावकऱ्यावाचून रिकामं. मी हे कितीतरी महिने करत होतो, गाढवासारखा.

पहिले तीन-चार नाइट त्याच्या लाकूडतोड्यांवर सोडा. मारण्यापेक्षा पळवा. त्याने घंटा वाजवली की त्याच क्षणी दुसरं टाऊन सेंटर टाका: 275 लाकूड, 100 दगड. सुरुवातीचे 200 दगड टॉवरवर उधळले नसतील तर तिसऱ्याचीही दगडाची सोय आहे. भालेवाले दिसले की नाइट मागे घ्या, धनुर्धारी काढा.

इम्पीरियलला, म्हणजे शेवटच्या युगाला, 1000 अन्न, 800 सोनं लागतं. त्यासाठी तबेला थांबवला तरी चालेल, गावकरी थांबवू नका.