थंडीतली पहिली क्रॉसकंट्री: मुरूम, कुसळं आणि चौथी पळणारी

दिवाळीचा फराळ संपत आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, रस्त्यावर दहा किलोमीटर पळतो मी. क्रॉसकंट्री जमेल का?" जमेल, नक्की जमेल. क्रॉसकंट्री म्हणजे रस्ता सोडून माती-गवतावर, चढउतारांवर पळायची शर्यत. फक्त टेकडीवर येताना मनगटावरचं घड्याळ घरी ठेवून या.

मी पुण्यात कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना तीन वर्षं संघातून क्रॉसकंट्री पळाले, मग संसारात सगळं सुटलं, आणि चाळिशीत पुन्हा वेताळ टेकडी चढायला लागले. आज आम्ही अकराजण दर रविवारी पहाटे एमआयटी कॉलेजच्या मागून वर जातो. त्यात एक रिक्षा चालवणारे काका आहेत आणि बारावीतल्या दोन मुलीही आहेत. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

घड्याळ नको, कारण त्याचा आकडा इथे खोटं बोलतो. रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटं लागणाऱ्या माणसाला चढावर आठ लागतात, सुट्या खड्यांच्या घसाऱ्यावरून उतरताना सात. मग तो खचतो नाहीतर उगाच जोर लावतो. दोन मैदानं सारखी नसतात, त्यामुळे इथली वेळ तिथल्या वेळेशी ताडता येत नाही. क्रॉसकंट्रीत किंमत नंबराला, म्हणजे तुम्ही कितवे आलात याला.

शर्यत समजायला सोपी आहे. गवत, माती, चढउतार असलेल्या जागेवर साधारण दीड ते दोन किलोमीटरचा फेरा आखतात आणि तो पुन्हा पुन्हा पळायचा. राष्ट्रीय पातळीवर खुल्या गटात पुरुष आणि महिला दोघांनाही १० किलोमीटर असतात, २० वर्षांखालच्या मुलांना ८, मुलींना ६. संघाच्या गुणांची पद्धत मला फार आवडते. ठरलेल्या संख्येइतक्या खेळाडूंचे नंबर जोडायचे आणि ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ पहिला. बहुतेक ठिकाणी सहाजण पळतात आणि पहिल्या चौघांचे नंबर धरतात. म्हणजे पहिला येणारा जितका मोलाचा तितकाच चौथा.

हे मला शेवटच्या वर्षाला कळलं. आमच्या संघात मी चौथी. शेवटच्या उतारावर माझ्यापुढे निळ्या बनियनमधली एक मुलगी होती. ती कोणत्या कॉलेजची हेही मला ठाऊक नव्हतं. पाय भरून आले होते, थांबावंसं वाटत होतं, तरी शेवटच्या फक्कीच्या रेषेआधी तिला गाठलं. बेरीज झाली तेव्हा आमचे ८४ आणि चौथ्या संघाचे ८५. तिसरा क्रमांक एका गुणाने मिळाला. माझा स्वतःचा नंबर एकतिसावा होता आणि मैत्रिणी मलाच उचलून नाचत होत्या.

शर्यती थंडीत का, तर थंडीत शरीर तापत नाही आणि दम पुरतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हाळ्यात क्रॉसकंट्री ठेवली होती. ३८ जण सुटले, १५ पोचले, बाकीचे उन्हाने कोसळले किंवा थांबले. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमध्ये परत आलाच नाही. आपल्याकडेही फेब्रुवारी सरता सरता सकाळी आठचं ऊन डोक्यात जातं. म्हणून डिसेंबर-जानेवारी धरा आणि तयारी ऑक्टोबरपासून करा. त्याआधी टेकडीवर खडकांवर शेवाळ असतं, तिथे वेगाने पळायच्या भानगडीत पडू नका.

जागेला पुण्यात तोटा नाही. तळजाईच्या जंगलातल्या वाटा रुंद आणि मऊ आहेत, अगदी नव्याने तिथूनच सुरुवात करावी. हनुमान टेकडी छोटी आहे पण चढ खडा, चढाच्या सरावाला उत्तम. वेताळ टेकडी मात्र माझी शाळा. माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरापेक्षा दोनशेहून जास्त मीटर उंच. वर पोचलं की खाणीपासून वेताळाच्या देवळापर्यंत पठार मोकळं मिळतं. जानेवारीत खाली शहरावर धुराची एक करडी चादर अंथरलेली दिसते. थंड हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर त्या झाकणाखाली अडकतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी पहाटे खालच्या रस्त्यावर पळण्यापेक्षा उजाडल्यावर वर येऊन पळावं. माझा स्वतःचा खोकला त्यानेच कमी झाला.

आता जमिनीबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं. क्रॉसकंट्रीबद्दल इतरत्र वाचाल तर चिखल आणि ओलं गवत याचीच वर्णनं असतात. आपल्याकडे डिसेंबरात चिखल नसतो, मुरूम असतो. सुटा, कोरडा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या खड्यांचा मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. त्यावर पाय पडला की खडे खालून सरकतात. घसारा म्हणतात तो हाच, गडावर जाणाऱ्यांना चांगला माहीत आहे. त्यावरून उतरताना माणूस घाबरून मागे झुकतो आणि तिथेच घसरतो, कारण सगळं वजन टाचेवर येतं. उलट करा. अंग किंचित पुढे, गुडघे सैल, पावलं छोटी आणि भराभर, हात बाजूला मोकळे. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे ठेवा. पुढचा दगड डोळ्यांनी टिपला की पाय आपोआप जागा शोधतो. हे आधी चालत करा, मग हळू पळत. चार रविवारांत अंगवळणी पडतं.

चढाला याच्या उलट घाई करू नका. पाऊल निम्मं करा, कंबरेत वाकू नका, हात मागे-पुढे जोरात हलवा. फार खडा टप्पा असेल तर खुशाल चाला. पळणारा आणि चालणारा एकाच वेगाने वर जात असतील तर चालणाऱ्याचा दम वाचतो, आणि माथ्यावर पोचताच तो पुढे निघतो. खरी जागा कमावता येते ती माथ्यावरच. चढ संपला की सगळे क्षणभर सुस्कारा सोडतात. तुम्ही तिथे वीस पावलं जोरात टाका.

घड्याळ नको हा हट्ट मी का धरते तेही सांगते. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत वेताळ टेकडीवरून पंचवटीच्या बाजूने उतरताना मी मनगटाकडे पाहिलं. फक्त पाहिलं, एक सेकंद. डावा पाय सुट्या दगडावर पडला आणि घोटा आत वळला. बेलाच्या फळाएवढी सूज आली. सहा आठवडे पळणं बंद, तो सगळा मोसम गेला. तेव्हापासून दात घासताना मी एका पायावर उभी राहते, एक मिनिट डावा, एक मिनिट उजवा. घोट्यासाठी इतका सोपा आणि फुकटचा व्यायाम दुसरा नाही. आमच्या अकराजणांना तो सक्तीचा आहे.

बूट साधे, पण तळाला चांगले खोबणीदार दात असलेले घ्या. रस्त्यावरचे जाड, मऊ तळव्याचे बूट मुरमावर डगमगतात. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, मैदानावरच्या गवतात किंवा शाळा-कॉलेजच्या शर्यतीत उपयोगी पडतात, पण वाटेत कातळ असेल तर खिळा दगडावर वाजतो आणि पाय सटकतो. घ्यायचेच असतील तर ६ किंवा ९ मिलिमीटरच्या पिना लावा, १२-१५ च्या चिखलासाठी असतात. पहिल्या वर्षी मात्र यावर पैसे घालवू नका.

सरावाला आठवड्याचे तीन दिवस पुरतात. मंगळवारी मैदानावर तीस-चाळीस मिनिटं, बोलता येईल इतकं हळू. गुरुवारी चढ: एक ते दीड मिनिट जोरात वर, चालत खाली, असं सहा वेळा. दर आठवड्याला एक वाढवत दहापर्यंत न्या. रविवारी तासभर टेकडी, आणि मध्येच ठरवायचं की त्या गिरिपुष्पाच्या झाडापर्यंत सुसाट, मग दम परत येईपर्यंत सैल. याला फार्टलेक म्हणतात, लहानपणी खेळताना आपण हेच करायचो. शर्यतीच्या आधीचे दहा दिवस सगळं निम्मं करा.

एक सराव कोणी सांगत नाही, तो सुरुवातीचा. शर्यत सुटते रुंद मैदानावर, पण दोनशे-तीनशे मीटरवर पायवाट अरुंद होते. त्यामुळे सगळे सुरुवातीलाच झेपावतात. मागे राहिलात तर अरुंद वाटेत अडकता, आणि सगळ्यांबरोबर आंधळेपणाने धावलात तर पहिल्याच चढावर धाप लागते. म्हणून रविवारी अंग गरम झालं की दोन मिनिटं जोरात पळा आणि न थांबता नेहमीच्या गतीवर या. हे "न थांबता" शिकायला मला वर्ष लागलं.

भाग कुठे घ्यायचा? शाळा-कॉलेजात असाल तर क्रीडा शिक्षकांना आजच भेटा, आंतरमहाविद्यालयीन शर्यती असतात. पुढे जायचं असेल तर जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेच्या निवड चाचणीची चौकशी करा, जन्मतारखेचा दाखला तयार ठेवा. बीडच्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर २०१५ मध्ये क्रॉसकंट्रीतच उतरले होते. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, ही नंतरची, आणि त्यातलं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्यपदक त्याही नंतरचं. आमच्यासारख्या नोकरदारांसाठी टेकड्यांवरच्या खुल्या शर्यती असतात. पैसे भरण्याआधी पाण्याची सोय, डॉक्टर आणि वळणावरचे स्वयंसेवक यांबद्दल नीट विचारा. एका शर्यतीत वळणावर कोणीच उभं नव्हतं आणि आम्ही चाळीसेकजण भलत्याच वाटेने उतरलो. पहिल्यांदाच पळणारी एक बाई रडत होती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी पूर्ण फेरा चालून येते.

आदल्या रात्री नेहमीचंच जेवा, भाकरी-भाजी उत्तम. सकाळी दोन तास आधी एक केळं, थोडं पाणी. पारा दहा-बारावर असतो, हुडहुडी भरते, पण एका किलोमीटरनंतर घाम फुटतो. म्हणून बिनबाह्यांचा बनियन पुरे. स्वेटर आणि कानटोपी मात्र सुटण्याआधी पाच मिनिटांपर्यंत अंगावर ठेवा, आणि सोबतच्या माणसाकडे द्या. चेस्ट नंबरला चारही कोपऱ्यांत पिना लावा, वाऱ्याने फडफडला तर शेवटी नंबर वाचता येत नाही. पोचल्यावर दोरीच्या बोळातून रांगेत पुढे जा. तिथे दमून बाजूला बसलात किंवा कोणाला पुढे जाऊ दिलंत तर तुमच्या संघाचा नंबर चुकतो.

लगेच घामेजलेला बनियन बदला, पाठ गार पडू देऊ नका. घरी गेल्यावर मोजे मशीनमध्ये टाकण्याआधी उन्हात बसून उलटे करा. डिसेंबरातलं वाळलेलं गवत मोज्यात कुसळांचं जंगल करून ठेवतं. ती एकेक करून चिमट्याने काढावी लागतात, टोकाकडून ओढली तर अलगद निघतात. न काढता धुतलीत तर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात आणि संक्रांतीपर्यंत टोचत राहतात.