रिमॅप केलेली गाडी कोकणात कुठे दाखवायची?

गाडी रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली असेल आणि तुम्ही रत्नागिरी-कुडाळकडे राहत असाल, तर प्रत्येक कामासाठी आंबा किंवा करूळ घाट चढून कोल्हापूर गाठायची गरज नाही. ऑइल, ब्रेक पॅड, बुश ही कामं जवळचा चांगला मेस्त्री करतो. ऑइलचा ग्रेड मात्र ट्यूनरने, म्हणजे रिमॅप करणाऱ्याने, सांगितलेलाच हवा. दुकानात होतं ते ओतलं, असं नको. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) ट्यूनरला विचारल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिलीच, तर जॉबकार्डावर ‘सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या. अपडेटमध्ये रिमॅप पुसला जाऊ शकतो, आणि पुन्हा करायचा खर्च तुमच्याच बोकांडी.

नवा मेस्त्री पारखायचाय? त्याला कॉइलओव्हरची, म्हणजे आटे फिरवून वर-खाली करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीची, उंची बदलायला सांगा. खाऱ्या हवेने आटे गंजून घट्ट धरतात. आधी ब्रशने घासून, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबणारा माणूस आपला. थेट पाना लावून हातोडा उचलणाऱ्याला लांबूनच रामराम! उंची बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजायला लागतात.