हापूसचा सीझन लागण्याआधी कॉम्प्युटर आणि ईमेल कसे सांभाळावे

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांकडे पेटीचा भाव विचारणाऱ्या मेल सुरू होतात. मालवण-गुहागरच्या होमस्टेवाल्यांचं मे महिन्याचं बुकिंगही त्याच सुमारास येतं. अनोळखी माणसाशी व्यवहार करणं हाच जिथे धंदा, तिथे ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला काय कामाचा? त्यापेक्षा पुढची कामं सीझनच्या आत उरकून घ्या.

आधी अपडेट

वर्म म्हणजे स्वतःच्याच प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाणारा प्रोग्रॅम. काही वर्मना तुमच्या क्लिकचीही गरज नसते, सॉफ्टवेअरमधलं एखादं भगदाड त्यांना पुरतं. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा वर्म जगभर पसरला. तो विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने हातात असूनही असंख्य मशीनवर तो टाकलाच गेला नाही. जूनअखेर आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या वर्मने इतर वाटांबरोबर हेच भगदाड वापरलं, आणि त्याच्या तडाख्यात उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. म्हणजे हे आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेलेलं संकट आहे.

सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. इथे कोकणातली एक अडचण लक्षात घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवताना डेटा वाचावा म्हणून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू ठेवलं असेल, तर विंडोज बरेचसे अपडेट उतरवतच नाही. महिन्यातून एकदा तरी ते बंद करून अपडेट होऊ द्या. आणि लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी हे काम काढू नका. अपडेट अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं तर नसता ताप होतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन झेपवत असेल तर विंडोज ११ वर जा.

मग फाइलचं पूर्ण नाव दिसू द्या

माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं काम हेच, आणि लागतं अर्धं मिनिट. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. २००० सालच्या ‘आय लव्ह यू’ वर्मच्या फाइलचं नाव ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं संपत होतं. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. उघडताच तिने आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवून दिलं. आजही ‘ॲडव्हान्स भरला, पावती जोडली आहे’ अशा मेलसोबत हीच चाल येते. नाव ‘पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं संपत असेल तर ती पावती नाही, प्रोग्रॅम आहे. मेल पुसा आणि ॲडव्हान्स जमा झाला का ते बँकेच्या खात्यातच बघा.

पैशाची मेल आली की फोन

‘आमचा खाते क्रमांक बदलला, आता या खात्यात भरा’ अशी मेल पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या नेहमीच्या माणसाच्या खऱ्या पत्त्यावरूनही येऊ शकते, कारण त्याचंच खातं कुणीतरी ताब्यात घेतलेलं असतं. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्या वहीतला जुना नंबर लावा आणि त्याचा आवाज ऐकून खात्री करा.

बँकेच्या नावाने लिंक आली तर पत्त्यात ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’वर संपतात.

बॅकअप

हिशेब आणि ग्राहकांची यादी आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क लगेच काढून ठेवा. जोडलेली राहिली तर फाइल कुलूपबंद करणारा व्हायरस तीही सोडत नाही.

चुकून क्लिक झालंच तर

आधी वायफाय बंद करा किंवा केबल काढा. दुसऱ्या फोनवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर नातेवाइकांना विचारत बसू नका, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा, आणि ती मेल पुसू नका, पोलिसांना लागते.